निळी की पांढरी

ईश्वरअप्पांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि वालूरचा मंडपवाला योगीराज सकाळपासून त्यांच्याभोवती घिरट्या घालत होता. पांढरी नव्यासारखी, दार लावलं की मऊ आवाज येणारी. निळी जुनी, हौद्याचा पत्रा जागोजागी चेपलेला, पण मागच्या चाकांवर भार पेलणारे पोलादी पाटे जाडजूड. त्याला मंडपाचे लोखंडी खांब वाहायचे होते आणि मागे दोन चाकांवरचा जनरेटर ओढायचा होता. मेव्हण्यानं सांगितलं होतं, पांढरी घ्या. गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला होता, निळी. लग्नसराई तोंडावर आलेली. ऐन मांडवाच्या दिवशी गाडी वाटेत बसली, तर त्या गावातून पुन्हा बोलावणं येत नाही.

"तुमचं मन काय म्हणायलंय?" बायको रेणुकानं विचारलं.

"पांढरीजवळ गेलो की निळी म्हणतंय. निळीजवळ गेलो की पांढरी." तो अप्पांकडे वळला. "अप्पा, तुमीच सांगा."

"मी इकणारा माणूस. माझ्या सांगण्यावर घेऊ नको. ओढून बघ."

जनरेटर त्यानं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागं बांधून सोबत आणलाच होता. आधी तो पांढरीला जोडला आणि कालव्यापर्यंत जाऊन आला. मागं काही आहे हे कळलंसुद्धा नाही. मग निळीला जोडला. रेणुका शेजारी बसली, अप्पा पांढरी घेऊन मागोमाग निघाले. निळी कुरकुरली, केबिन थरथरली, पण कालव्याच्या पुलाच्या चढावर गिअर खाली टाकताच अशी निघाली की मागं जनरेटर नसून कापूस असावा. योगीराज आणखीच गोंधळला.

पूल उतरताच डाव्या हाताच्या रानात माणसं धावताना दिसली. कालव्याच्या भरावावरून एक ट्रॅक्टर खाली कलंडला होता. शेताचा मालक चंद्रभान त्याच्याखाली होता, कमरेपर्यंत बाहेर, एक पाय आत. तो ओरडत नव्हता. जमलेल्यांनाच "हळू, हळू" म्हणत होता.

रेणुका आधी उतरली. तिनं जनरेटरची खीळ ओढून काढली आणि योगीराजनं निळी रानात घातली. कुणीतरी साखळी आणली, एक टोक ट्रॅक्टरला, दुसरं निळीला बांधलं.

"योगीराज, पांढरी घालू का?" मागून अप्पा म्हणाले. "तिचं इंजिन ताजं हाय."

योगीराजनं निळीचा गिअर टाकला.

साखळी ताणली गेली. निळीची मागची चाकं काळ्या मातीत जागच्या जागी फिरू लागली. रेणुकानं बांधावरच्या तुराट्यांचा भारा ओढून चाकांखाली टाकला. गाडीनं पकड घेतली. ट्रॅक्टर वीतभर उचलला गेला आणि तिथंच अडकला. केबिनमध्ये जळका वास भरला.

"सोडू नका," रेणुका खिडकीशी येऊन म्हणाली. "आता सोडलं तर सगळं त्याच्या अंगावर येईल."

त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. डोळ्यांत धूर गेला, तरी काढला नाही. माणसांनी ट्रॅक्टरखाली दगड सरकवले, चंद्रभानला काखेत धरून बाहेर ओढलं. तेवढ्यात निळीनं एक गचका दिला. इंजिन चालू होतं, चाकं हलत नव्हती. क्लच जळून गेला होता.

चंद्रभानला गोधडीवर घालून पांढरीच्या हौद्यात ठेवलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन रेणुका बसली आणि अप्पांनी गाडी सेलूच्या दवाखान्याकडे घेतली. योगीराज निळीजवळ एकटाच राहिला. मघाशी थरथरणारा पत्रा आता गप्प होता.

दिवस कलताना पांढरी परत आली. "पाय राहंल म्हणले डॉक्टर," रेणुका उतरत म्हणाली. तिच्या लुगड्याला रक्त आणि माती लागली होती. "सारा रस्ता खड्ड्यांचा, पर पांढरीनं त्यास्नी एक हिसका बसू दिला न्हाई."

अप्पा बॉनेटला टेकून उभे राहिले. "चला, तुझं काम सोपं झालं. निळी मोडली. पांढरी घे."

"ओढलं म्हणून मोडली ना, अप्पा."

"मग निळी घे. क्लच नवा बसवून देतो."

"पर पांढरी नसती तर त्यास्नी नेलं कशात असतं?"

अप्पांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "मग दोन्ही तुला देऊन मी घरी बसू का?"

योगीराज कसनुसा हसला. सकाळी निदान दोन गाड्यांचाच प्रश्न होता.

निळी रानात ठेवून चालणार नव्हतं. पांढरी आलेली बघून पुन्हा जमलेल्या माणसांनी ढकलून ती रस्त्यावर आणली आणि तीच साखळी पांढरीच्या मागं बांधली. "मागच्या गाडीचं स्टिअरिंग कुणीतरी धरावं लागंल," असं म्हणत अप्पा वळले. योगीराज आधीच निळीत जाऊन बसला होता. पुढच्या गाडीतली मऊ सीट रिकामी होती. रेणुकानं तिच्याकडे एकदा पाहिलं, मग निळीचं दार ओढून ती त्याच्या शेजारी बसली.

"ठरलं का?"

"न्हाई."

साखळी ताणली गेली. निळी हलली. योगीराजचा पाय सवयीनं क्लचवर गेला. पेडल रिकामंच खाली गेलं, त्याखाली काही लागलं नाही. तरी त्यानं पाय तिथंच ठेवला.