नुसती गाणी

"हे आजचं शेवटचं गाणं," तोंगिया माइकमध्ये म्हणाला. "आणि मोसे, आठव्यांदा सांगतो. माझं चुकलं. विमान उशिरा आलं त्यात तुझा काय दोष? तुझ्या आईची माती एक दिवस पुढे ढकलता आली असती. मी ढकलली नाही, आणि वर तुलाच दारातून परत पाठवलं. आता तरी बोल."

स्पीकरमधून त्याचाच आवाज खोलीभर घुमला. त्याने माइक खाली ठेवला आणि कंट्रोलरवरची पट्टी सरकवून गाणं सुरू केलं. मग चष्मा वर करून कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून त्याचा गाण्यांचा कार्यक्रम ऐकणाऱ्यांची नावं वाचली. बेटावरच्या या हाकुपू गावात शनिवारची दुपार, तारीखरेषेपलीकडे ऑकलंडला रविवारची. चर्चमधून घरी आलेली आपली सगळी माणसं तिथे ऐकत होती, बत्तीस नावं. मोसेचंही होतं. दर आठवड्याला असायचं. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत बसायचा आणि एक अक्षर न लिहिता निघून जायचा.

"दगड आहे," तोंगिया पुटपुटला. पाद्रीबुवांनाही त्याने हेच सांगितलं होतं.

तिवा पातेलं घेऊन आत आली. त्याची भाची, कालच्याच विमानाने ऑकलंडहून आलेली. पातेल्यात नारळाच्या दुधात शिजवलेले टारोचे कंद होते.

"मामा, हे मघाशी कुणाशी बोलत होतात?"

"मोसेशी. आणखी कुणाशी?"

"माइकवर? आम्हाला तर तिकडे कधी ऐकू आलं नाही."

"कान धुऊन या सगळ्यांनी. हा स्पीकर काय बोंबलतोय मग?"

तिवाने पातेलं ठेवलं आणि टेबलामागे वाकून पाहिलं. "ती जुनी लाल-पांढरी वायर कुठे गेली?"

"फेकली, दोन महिने झाले. नुसती खरखर करायची. आता या यूएसबीच्या वायरने थेट कॉम्प्युटरमध्ये जातं. आवाज कसा, एकदम स्वच्छ."

"स्वच्छच आहे," तिवा हळू म्हणाली. "पण गाणीच जातात, मामा. या कंट्रोलरच्या पेटीत माइकचा आवाज नुसता स्पीकरला जातो. कॉम्प्युटरला जातच नाही. जुन्या वायरने सगळंच जायचं."

तोंगियाने स्वतःचा कार्यक्रम कधी ऐकला नव्हता. गाणी पाठवली की इथलं इंटरनेट तेवढ्यानेच दमतं.

"आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत मला?"

"आम्हाला वाटलं, मामी गेल्यापासून तुम्ही बोलणंच सोडलंत. आधी किती बडबड करायचात. विचारायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं."

माणसं अशी समंजस वागली की घातच होतो. बत्तीस जणांतल्या एकाने जरी आगाऊपणा केला असता!

तोंगिया खिडकीशी गेला. ओसरीला लागूनच बायकोची कबर होती, अजून पांढरीशुभ्र. "म्हणजे आठ वेळा फक्त हिने ऐकलं."

"तिला काय, आधीच माहीत असणार."

आठ आठवडे तो मुलाला मनातल्या मनात शिव्या देत होता. आणि पोरगं तिकडे दोन-दोन तास बापाच्या एका शब्दासाठी बसत होतं. त्याला फार वाईट वाटलं. तो खुर्चीत येऊन बसला.

तिवाने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. "कॉम्प्युटरचाच माइक चालू केलाय. आता या खोलीतलं सगळं तिकडे जाणार. गाणं संपतंय. बोला."

गाणं संपलं. तोंगियाने तोंड उघडलं. आठ वेळा घडाघडा म्हटलेलं वाक्य ओठांवर येईना. बाहेर कोंबडी कलकलली, ती ऑकलंडला ऐकू गेली. त्याच्या श्वासाचा आवाजही गेला असावा.

कार्यक्रम संपला असं समजून नावं गळायला लागली. वीस राहिली. नऊ. तीन. तिवा पाय न वाजवता बाहेर गेली.

शेवटी एकच नाव उरलं.

तोंगियाने खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला.

"जेवलास का रे?"

मग मोसेच्या नावाखाली दोन ओळी उमटल्या.

"अजून नाही, बाबा. एकट्याला घास उतरत नाही. तुमची गाणी लागली की ताट वाढून घेतो, आणि तुम्ही काही बोलाल म्हणून थांबतो."