काउंटरवरचं भिरभिरं

“रुमाल संपेनातच हो!” बँकेचे साहेब लाँड्रीच्या काउंटरवर हात आपटून सांगत होते. “सगळा स्टाफ समोर बसलेला. शाखा बंद होणार म्हणून मी सांगतोय. लोक रडतायत. मलाही भरून आलं. डोळे पुसायला कोटाच्या खिशात हात घातला, तर लाल रुमाल. त्याला बांधलेला पिवळा. त्याला हिरवा. मी ओढतोय, ते येतायत! शेवटी कागदी फुलांचा गुच्छ फट्कन उघडला. टाळ्या वाजवल्या हो लोकांनी!”

मालकीणबाईंनी हसू गिळलं आणि वळून भिरभिऱ्याकडे पाहिलं.

भिरभिरं म्हणजे काउंटरवरची मुलगी. नाव मालकीणबाईंनीच ठेवलेलं. कपडे घ्यायचे, नंबराचा टॅग लावायचा, धुऊन आले की ज्याचे त्याला द्यायचे, एवढंच तिचं काम. साहेबांचा काळा कोट आणि एका जादूगाराचा काळा कोट पाठोपाठ आले होते. एकाला टॅग लावला, तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवला आणि दुसरा टॅग हातात घेतला, इथपर्यंत तिला आठवत होतं. पुढचं नाही.

“आणि माझा कोट त्या जादूगाराकडे?”

“हो. आज सकाळीच ते परत देऊन गेले,” ती मान खाली घालून म्हणाली. “वाढदिवसाचा कार्यक्रम होता. खिशातून तुमच्या भाषणाचा कागद निघाला. त्यांना वाटलं, यजमानांनीच ठेवलाय. वाचून दाखवला. पोरं रडायला लागली.”

साहेब दोन्ही कोट तिथेच टाकून निघून गेले. मालकीणबाईंनी खुर्ची ओढली.

“बोल.”

“ताई, मी आधीच सांगितलं होतं तुम्हाला. डॉक्टर म्हणाले, मला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही. मी मुद्दाम नाही...”

“अगं, ते लहान पोरांना असतं. वर्गात उड्या मारतात ना, त्यांना. तू काय उड्या मारतेस?”

“मोठ्यांनाही असतं ताई.”

“मग मलाही आहे! काल मी गॅस चालू ठेवून आले. गेले का डॉक्टरकडे? मोबाइल कमी बघ, बदाम खा, वेळेवर झोप. आमच्या वेळी याला वेंधळेपणा म्हणायचे आणि तो एका टपलीत बरा व्हायचा.”

लाज तिला नवी नव्हती. घरी आईही हेच म्हणायची, फक्त तिथे टपली खरी असायची. आधीच्या नोकऱ्या अशाच गेल्या होत्या. ही आत्याने शब्द टाकून मिळवून दिली होती, ‘आता तरी माझं नाक कापू नकोस’ असं बजावून. ही गेली की आत्यासमोर जायची सोय उरणार नव्हती.

“जरा तिकडे बघ.” मालकीणबाईंनी मागच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

तिथे इस्त्रीवाला दादा भिंतीकडे तोंड करून कॉलरवर वाफ सोडत होता. कानात मशीन. समोर भिंतीवर एकच चिठ्ठी: ‘पांढरे शर्ट, कडक’. ते झाले की मालकीणबाई स्वतः उठून दुसरी चिठ्ठी चिकटवायच्या. तो बहिरा, म्हणून सगळे जपून वागायचे. काम करताना त्याला कोणी मध्येच हाक मारायचं नाही. काही सांगायचं तर खांद्यावर हात ठेवून, समोर उभं राहून, दोनदा. परवा त्याच्याकडून नळ चालू राहिला आणि मागच्या खोलीचं तळं झालं, तेव्हा मालकीणबाईंनीच फडकं हातात घेतलं. बिचाऱ्याला पाण्याचा आवाज कुठून येणार?

“देवाने कान काढून घेतले तरी कसा राबतो बघ. आणि तुला सगळं धडधाकट दिलंय!”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने धीर केला.

“ताई, एक विचारू? मलाही तसं लिहून द्याल? एका वेळी एकच काम. आणि मी टॅग लावत असताना फोन दुसऱ्या कोणी घेतला तर... मी नाही चुकणार.”

मालकीणबाई बघतच राहिल्या.

“तुला चिठ्ठ्या? का गं, तू काय बहिरी आहेस?”

चादरी घेऊन आलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. घड्या घालणारीही हसली. दादाची इस्त्री तेवढी चालू राहिली.

“तुझ्या आत्याला काय सांगू तेच कळत नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “पण अशाने माझं दुकान बसेल. उद्यापासून येऊ नकोस.”

ती पर्स शोधायला मागच्या खोलीत गेली. सगळी कपाटं उघडून झाल्यावर पर्स आपल्याच खांद्याला आहे हे तिला कळलं. ती तशीच त्या खोलीच्या दारात उभी राहिली. समोर फक्त दादाची पाठ होती. ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून ती पुटपुटली.

“माझेच कान गेले असते तर बरं झालं असतं. निदान सगळ्यांनी समजून तरी घेतलं असतं.”

बोलली आणि तिने जीभ चावली. त्या बिचाऱ्याच्या मागे उभं राहून त्याच्याच दुःखाचा हेवा! इतकी लाज तिला दिवसभरात वाटली नव्हती.

दादाने इस्त्री उभी करून ठेवली. एरवी तो बोलला की शेजारच्या दुकानात ऐकू जायचं. आत्ता त्याने मान वळवली नाही, भिंतीकडे बघतच अगदी हळू आवाजात तो म्हणाला,

“मीही आधी सगळीकडे खरं सांगून बघितलं. पुढच्या ठिकाणी बहिरी म्हणून जा. लोक फार चांगले असतात.”