घोटभर पुरावा

विहिरी नासवल्या म्हणून सरकारने कारखान्याला टाळं ठोकलं, तर कारखान्याच्या मालक परदेशी कंपनीने दोन देशांमधल्या व्यापारकरारावर बोट ठेवून सरकारलाच लवादापुढे खेचलं. आमचा बुडालेला नफा भरून द्या, म्हणे! आज सरकारी वकिलांनी गावच्या नर्सबाईंना विहिरीचं पाणी घेऊन सुनावणीला बोलावलं होतं. दारावरच्या रखवालदाराने बाटली अडवली. “मावशी, एक घोट पिऊन दाखवा. त्याशिवाय कुठलंच पाणी आत जात नाही.” “अरे बाबा, हे विषारी आहे, तेच तर दाखवायचंय!” “मग मुळीच नाही.” आठ वर्षं दारोदार ‘हे पाणी पिऊ नका’ सांगून बाईंचा घसा कोरडा पडला होता. वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. रखवालदाराने वहीत नोंदवलं, ‘पाणी समक्ष पिऊन दाखवलं. धोका नाही.’ मागून कंपनीच्या वकिलाने अदबीने विचारलं, “या पानाची नक्कल मिळेल का?”