दिलेला धीर

बॉयलर इंजिनिअरच्या परवान्याची तोंडी परीक्षा देऊन आल्यापासून सॅम्युअलच्या घशाखाली घास उतरत नव्हता. “बॉयलरच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय कराल?” या प्रश्नावर तो घाईघाईत “पाणी सोडीन” म्हणून बसला होता. निकाल लांबला होता, आणि पुस्तक उघडून खात्री करायची त्याची हिंमत होत नव्हती.

शेवटी त्याच्या बायकोने, एस्तेरने, अमृतला फोन केला. “भाऊ, तुम्ही एकाच साखर कारखान्यात आहात, परीक्षाही सोबतच दिलीत. तुमचं ऐकतील ते. जरा समजवा ना.”

अमृतने त्याच प्रश्नाला “आधी आग बंद करीन” असं उत्तर दिलं होतं. कोरड्या, तापलेल्या बॉयलरमध्ये पाणी सोडलं तर तो फुटतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण सॅम्युअलचा उतरलेला चेहरा बघून त्याला खरं बोलवेना. निकाल लागेपर्यंत तरी माणूस सुखाने जेवेल, असं त्याला वाटलं.

“तुन्हं उत्तर बराबर शे, सॅम्या. मन्हंच चुकनं,” तो म्हणाला.

सॅम्युअल जेवू लागला, हसू लागला. एस्तेरने फोन करून अमृतचे आभार मानले.

निकाल लागायच्या आधीच उसाचं गाळप सुरू झालं, आणि एका दुपारी सॅम्युअलच्या पाळीत बॉयलरमधलं पाणी संपल्याचा भोंगा वाजला. “आधी आग बंद कर!” असं ओरडत अमृत आवारातून धावत सुटला.



सॅम्युअलने तोवर, जराही न गोंधळता, पाणी सोडलं होतं.