बद्द आवाज

"हीसुद्धा बद्द!" म्हणत मास्तरांनी आणखी एक गिटार दुकानदाराच्या हातात कोंबली.

गिटार शिकवण्यात मास्तरांची हयात गेली होती. रविवारी शिष्यांनी त्यांचा कार्यक्रम ठेवला होता आणि नेमकी आत्ताच त्यांची जुनी गिटार दगा देत होती. खर्ज ठीक होता, पण बारीक तारा गळ्यात कापूस कोंबल्यासारख्या वाजत. तारा बदलून झाल्या. कारागिराने आतून-बाहेरून तपासून सांगितलं, हिला काही झालेलं नाही. मास्तरांनी त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं.

हा दुकानदारही तसलाच, दाढीतल्या दाढीत पुटपुटणारा.

"हिची वरची फळी सिडारच्या लाकडाची आहे, सर."

"काय?"

"सिडार! आवाजाला ऊब असते."

"ऊब पांघरुणात असते. मला धार हवी. स्प्रूस काढ. आणि अख्खं लाकूड हवं, प्लाय नको. प्लाय कंप गिळून बसतो."

स्प्रूस आली. मास्तरांनी छेडली. पुन्हा कापूस.

"पोट मोठं आहे हिचं, म्हणून खर्ज माजलाय. लहान अंगाची दे."

लहान अंगाची आली, पाठ रोझवूडची. मास्तरांनी फळीवर टिचकी मारली, तारा छेडल्या आणि तोंड वाकडं केलं. "आतल्या पट्ट्या जाड ठेवल्यात. फळीला श्वासच घेऊ देत नाहीत हे लोक!"

"अहो, मला तर छान वाटली," स्टुलावर बसलेली बायको म्हणाली. "अगदी खणखणीत."

"तुला कुकरची शिट्टीसुद्धा खणखणीत वाटते."

तिने हातातली पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली.

शेवटी दुकानदाराने काचेच्या कपाटातली गिटार काढली. अख्खं स्प्रूस, रोझवूडची पाठ, कागदासारख्या पातळ पट्ट्या. मास्तरांनी डोळे मिटून वाजवली. दाराशी उभी असलेली एक गिऱ्हाईक बाई ऐकत थबकली.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. हातात एवढं उत्तम लाकूड, आणि आवाज मेलेला!

"लाकूड वाळवायला वेळच नाही कुणाला! सगळा ओला माल!" ते कडाडले. "कार्यक्रम रद्द. मी असल्या लाकडावर वाजवणार नाही!"

कुणी काही बोललं नाही. दुकानदार, ती बाई, बायको, सगळे नुसते बघत राहिले. मास्तरांना जरा बरं वाटलं. चला, पटलं एकदाचं.

त्यांनी बोट वर केलं.

"हं. अशी शांतता लागते गिटार पारखायला. आता ऐका, ही तार कशी मरते ते."

त्यांनी सगळ्यात बारीक तार छेडली.

तारेकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बायको उठली, वाकली आणि मास्तरांच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून केव्हाचा किंचाळत असलेला त्यांचा फोन काढून तिने बंद केला.