खडकचांदणीची मोजणी

चौथ्या रोपाच्या मुळाशीही तोच तपकिरी भुसा निघाला, तेव्हा तिचं डोकं सणकलं. नारळाचा भुसा. कुंडीत घालतात तो. वाळवंटी डोंगराच्या या उघड्याबोडक्या उतारावर तो काही आभाळातून पडला नव्हता.

सकाळी अकरा रोपं मोजताना ती किती हरखली होती! खडकचांदणीचं फूल पंधरा वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं. एक जरी रोप आपसूक उगवलेलं सापडलं असतं, तर डोंगर वाचला असता. नाहीतर आज पाचच्या आत यादीत ‘नामशेष’ लिहायचं आणि खाणवाल्यांना रान मोकळं. वनस्पती खात्यात ही यादी तिच्याच हातात होती.

लावलेली रोपं मोजणीत धरत नाहीत. ती जागेवरही ठेवायची नाहीत, उद्या कुणी भलतंच मोजायला नको. उरलेली रोपं तिने रागाच्या भरात उपटली, मुळं बघायच्या भानगडीत न पडता. एक तेवढं चिवट निघालं. खडकाच्या फटीत घट्ट रुतलेलं, ओढताना मूळ अर्ध्यात तुटलं. तिने तेही पिशवीत कोंबलं.

खाली जीपमध्ये सर बसले होते. फुलं दिसल्याची खबर त्यांनीच दिली होती. कॉलेजात तिला पाकळ्या मोजायला शिकवणारे हेच. एक आकडा चुकला तरी वही परत करायचे. गुडघे दुखतात म्हणून ते वर आले नव्हते.

कचेरीत पोचल्यावर तिने दार लावून घेतलं आणि पिशवी टेबलावर ठेवली.

“सर, ही तुमच्या गच्चीवरच्या कुंड्यांतली ना?”

सरांनी पिशवीत डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला. जुनं बी जपून ठेवलं होतं, त्याचीच ही रोपं, असं ते हळूच म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी पाठीवर वाहून वर नेली. गुडघे गेले ते त्या चढापायीच.

“सगळी उपटलीस?”

“सगळी. खोट्यावर सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

तिला रडू येत होतं, पण घड्याळ थांबणार नव्हतं. पाचला वीस मिनिटं होती. तिने यादीत ‘नामशेष’ लिहिलं, सही केली, शिपायाला बोलावून कागद वर पाठवून दिला. मग सरांचा जबाब लिहून त्यांच्यापुढे सरकवला. तुम्हाला फार त्रास होणार नाही असं बघते, म्हणाली.

सरांनी चष्मा पुसून जबाब शांतपणे वाचला. सही करण्याआधी जुन्या सवयीने एका आकड्याखाली रेघ मारली आणि कागद तिच्याकडे परत केला.

“अकरा नाही गं. मी दहाच लावली होती.”