येण्याचे कारण

"आधी इथे लिही," रोहिदास सरांनी वही पुढे सरकवली. "नाव, गाव आणि येण्याचं कारण. स्वतःच्या हातानं."

चिखलीतल्या त्या मार्गदर्शन केंद्रात फी नव्हती, पण हा नियम होता. सर म्हणायचे, कारण लिहायला बसलं की निम्म्या लोकांना आपलं खरं दुखणं कळतं. आधीच्या ओळींवर त्यांनी पुठ्ठा ठेवला होता. दुसऱ्याचं दुखणं वाचायचं नाही, हा दुसरा नियम.

उत्कर्षाने लिहिलं, 'आजोबांना पटवणे.'

"आमचा पत्ता कुठून मिळाला?"

"आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, सकाळी वाचून ठेवलेल्या पेपरात तुमचं पत्रक होतं."

सर नुसते 'हं' म्हणाले.

उत्कर्षाला नागपूरच्या सरकारी कॉलेजात धातुशास्त्राला जागा मिळाली होती. पुण्यातलं थोडक्यात हुकलं होतं. सोमवारी पाचच्या आत जागा पक्की केली नाही, तर ती दुसऱ्याला जाणार होती. आबाजींच्या जमिनीवर तीन शेड भाड्यानं दिलेल्या, त्यातल्या एकीत लोखंडाचं ओतकाम चाले. ओतलेला तुकडा मध्येच का तडकतो, हे तिला आठवीपासून कळून घ्यायचं होतं. दुसरं काही शिकायची तिची तयारीच नव्हती.

आणि परवा, मंगळवारी आबाजी एका शब्दात 'न्हाई' म्हणून मोकळे झाले होते.

तो शब्द जुना होता. पाच वर्षांपूर्वी तिच्या चुलत बहिणीला, पुनमताईला, नर्सिंगसाठी मिरजेला जायचं होतं. तेव्हा आबाजींनी अख्ख्या भावकीसमोर सांगितलं होतं, आमच्या घरातली पोर हॉस्टेलात राहणार नाही. पुनमताई आता रहाटणीला दिलीय. माहेरी आली की आबाजींशी नीट बोलते, पण त्यांच्या शेजारी बसत नाही.

"शनिवारी घेऊन ये त्यांना," सर म्हणाले. "वडिलांनाही आण. चार माणसं समोर असलेली बरी."

"ते येणार नाहीत, सर."

"विचारून तर बघ."

आबाजी चक्क आले. "बघू तुजा मास्तर काय दिवे लावतोय," म्हणत जिना चढले. मागून वडील, रणजीत. चाकणच्या कंपनीत पन्नास माणसांना कामाला लावणारा हा सुपरवायझर घरात आबाजींसमोर पाण्याचा तांब्यासुद्धा विचारून उचलायचा.

उत्कर्षा कडेच्या खुर्चीवर टेकणार, तोच आबाजी म्हणाले, "ती नको. डगमगती."

शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची नजर बघा, असं तिच्या मनात आलं. हा माणूस कसला हरतोय!

चहा आला. आबाजींचा बिनसाखरेचा.

"तर आबाजी..."

"तर न्हाई आन् बिर न्हाई. मी भावकीत शब्द दिलाय."

सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या शेडमध्ये माल तडकला तर काय करतात?"

"बाहेरचा साहेब येतो. गाडीतनं. तुकडा बघतो, धा मिन्टात चिठ्ठी लिवतो आन् जातो."

"म्हणजे जागा तुमची, भट्टी तुमच्या दारात, आणि अक्कल तेवढी भाड्यानं आणायची."

रणजीतला ठसका लागला. आबाजींशी असं बोललेला माणूस त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आबाजींनी टोपी सारखी केली. "तितं आजारी पडली मंजी?"

"वॉर्डनबाई आहेत, डॉक्टर आहे. हे नंबर." सरांनी कागद पुढे केला. तो टाइप करून तयारच होता.

"दार कवा लावत्यात?"

"नऊला."

"आन् पैसं?"

"फीमध्ये मुलींना सवलत आहे, अर्ज मी भरून देतो. हॉस्टेल आणि मेस घरून."

"न्हाई दिलं तर?"

"तर बँकेचं शिक्षणकर्ज काढू. फेडेल ती. फक्त लोक म्हणतील, तीन शेडवाल्या आबाजींची नात कर्ज काढून शिकली."

आता गप्प बसलं तर जन्मभर गप्प बसावं लागेल, हे उत्कर्षाला पक्कं कळलं. ती उभी राहिली.

"आबाजी, सोमवारी मी जागा पक्की करणार आहे. तुमच्या पाया पडून जाईन, पण जाईन."

आबाजींनी मग चष्मा काढून उपरण्यानं पुसला. बराच वेळ पुसला.

"रणजीत, ऐकलंस न्हवं? मास्तरनं आन् पोरीनं मिळून म्हाताऱ्याला चीत केलं. भावकीत सांग, आबाजी हरला म्हनावं." मग थोडं थांबून म्हणाले, "पुनमलाबी सांग. आजच फोन कर."

"आणि खर्च, आबाजी?" रणजीतनं भीत भीत विचारलं.

"शेडचं भाडं काय चाटायचंय? ऊठ आता."

उत्कर्षाला रडू आणि हसू एकदमच आलं. आपण आबाजींना हरवलं! ती वाकली, तेव्हा त्यांचा हात तिच्या डोक्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला.

दोघं जिना उतरू लागले. ती निघणार तेवढ्यात सर म्हणाले, "तुझी ओळ पूर्ण करून जा. शेवटच्या रकान्यात लिही, काम झालं की नाही." त्यांचा फोन वाजला, तो घेऊन ते खिडकीशी गेले.

तिने वही उघडली. आपली गुरुवारची ओळ शोधायला तिला पुठ्ठा उचलावा लागला. तिच्या ओळीच्या बरोबर वर बुधवारची नोंद होती. निळ्या शाईत, जाड, थरथरत्या अक्षरात.

'नाव: आबाजी. गाव: चिखली. येण्याचे कारण: पुनमचे वेळी चुकलो. उत्कर्षाला पाठवायचे आहे. माझ्या तोंडून निघत नाही. मला घरच्यांसमोर हरवावे.'